पहिला रुपया कुणाच्या खिशातला?

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवायला बसलो होतो आणि शेजारीच दोघांची जुंपली. एक रिटायर्ड बँकवाले काका आणि दुसरा तिशीतला पोरगा, दहा-बारा गाईंचा गोठा असलेला. काकांचं म्हणणं, सरकारने लोकांना फुकटाची चटक लावली, ह्याला सबसिडी त्याला सबसिडी, राज्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज झालंय आणि इथं वाटप चालूच. पोरगा म्हणाला, काका, मोठ्या कंपन्यांना कोटीच्या कोटी सोडता तेव्हा कुणाला कर्ज आठवत नाही, आम्हाला चार दिले की लगेच रेवडी. मग जुलै २०२२ मधलं पंतप्रधानांचं रेवडीवालं भाषण निघालं, लाडक्या बहिणीचे १,५०० निघाले, मठ्ठा येईपर्यंत आवाज इतका चढला की वाढपीसुद्धा जिलबीचं ताट घेऊन ऐकत उभा राहिला. मी गप्प जेवत होतो कारण दुसऱ्याच्या लग्नात वाद घालायचा नसतो, पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, कारण एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत होतं आणि नेमकी तीच गोष्ट चुकीची होती. दोघांनाही वाटत होतं की अनुदान म्हणजे सरकार लोकांच्या हातात पैसे ठेवतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत कुणाला अंदाज बांधत बसायला नको. लाडकी बहीण बाजूला ठेवा, ती थेट खात्यावरची मदत आहे आणि तिचा हिशोब वेगळा. पण छोट्या धंद्यासाठी आणि गावासाठी ज्या योजना आहेत त्यातल्या बहुतेक ठिकाणी सरकार हातात काही ठेवतच नाही. आधी तुम्ही खर्च करा, कर्ज काढा, हप्ते भरा, बिलं जोडा, युनिटसमोर उभं राहून फोटो काढा, मग कधीतरी त्यातला काही भाग तुमच्याकडे परत येणार. ह्याला मी परतावा म्हणेन, आणि परतावा त्यालाच मिळतो ज्याच्याकडे आधी घालायला पैसा होता. म्हणून अनुदान द्यावं का देऊ नये हा वाद मला बिनकामाचा वाटतो. भांडायचंच असेल तर ह्यावर भांडा की पहिला रुपया कुणी घालायचा, आणि सरकारचा रुपया कुठल्या तारखेला येणार.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये. तालुक्याच्या गावी एका सीएच्या ऑफिसात मी सहा-सात वर्षं बँकेच्या कर्जासाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केलेत. पिठाची गिरणी, मिरची कांडप, पेव्हर ब्लॉक, शिवणकाम, मंडप डेकोरेशन, काय म्हणाल ते. खरं सांगायचं तर रिपोर्ट एकच असायचा, फक्त नाव आणि आकडे बदलायचे. पहिल्या वर्षी साठ टक्के कपॅसिटी, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी, आणि तोटा कुणालाच कधी नाही. माझ्या हातून कागदावर जेवढे धंदे फायद्यात चालले तेवढे खरोखर चालले असते तर तालुक्यात बेकार माणूस औषधाला सापडला नसता. लोक यायचे ते एकच प्रश्न घेऊन, "सबसिडी किती आहे?" कर्ज किती, व्याज किती, माल विकणार कुठं, हे नंतर. मुद्रा योजनेला सबसिडी किती असंही विचारायचे, आणि ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाल्यापासून मुद्रामध्ये सबसिडी नाहीच, ते सरळसरळ कर्ज आहे, हे सांगितलं की माणसाला वाटायचं ह्यालाच काही माहीत नाही. मग तो उठून दुसऱ्याकडे जायचा, आणि दुसरा त्याला "करून देतो" म्हणायचा.

आता एक हिशोब नीट बघा, कारण सगळा घोळ इथंच आहे. एक ताई आल्या होत्या, गावातच मसाल्याचं युनिट टाकायचं होतं, प्रकल्प दहा लाखांचा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात तो, २००८ पासून चालू आहे आणि कागदावर चांगला आहे. ग्रामीण भाग आणि महिला म्हणजे विशेष प्रवर्ग, त्यामुळे ३५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा ५ टक्के. म्हणजे ५०,००० ताईंचे, साडेनऊ लाख बँकेचं कर्ज, आणि साडेतीन लाख सरकारचे. ताईंचा समज असा की साडेतीन लाख खात्यावर येतील आणि त्यातून काम सुरू होईल. प्रत्यक्षात ते पैसे येतात बँकेकडे, तेही बँकेने कर्ज सोडल्यावर, आणि तीन वर्षं मुदत ठेवीसारखे अडकून पडतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, म्हणजे ताईंना व्याज सहा लाखांचं. तीन वर्षं झाली, अधिकारी येऊन बघून गेले की युनिट चालू आहे, की मग ते साडेतीन लाख कर्जात वळते होतात. एक रुपयाही त्यांच्या हाताला लागत नाही. ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये, कर्ज एक तृतीयांशने हलकं होतं, थोडं नाही. पण मशीनचे पैसे बँक परस्पर डीलरला देणार, मग जागेचं डिपॉझिट, थ्री फेज मीटर, अन्न परवाना, पहिल्या खेपेची मिरची आणि धने आणि पुढचे चार महिने घर, ह्याला लागणारी रोकड कुठून आणायची? ते कुठल्याच रकान्यात नसतं. ताईंनी गळ्यातलं गहाण टाकलं. तो पहिला रुपया होता.

दुसरा नमुना बघा. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना. मराठा समाजातल्या हजारो पोरांनी तिच्यावर ट्रॅक्टर घेतले, दुकानं टाकली, आणि ती नसती तर बँकेने दारात उभं केलं नसतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण यंत्रणा कशी आहे ती बघा. दहा लाख कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं, तर हप्ता बसतो महिन्याला साधारण २२,२०० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १०,००० नुसतं व्याज. पूर्ण हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग त्यातलं व्याज तुम्हाला परत मिळणार. हप्ता चुकला की परतावा अडकला. आता सांगा, नवीन धंद्यात पहिल्या वर्षी दर महिन्याला न चुकता २२,००० कोण भरू शकतो? ज्याच्या घरात एक पगार आहे तो. ज्याचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे तो. ज्याच्या घरात असं कुणीच नाही, त्याचा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हप्ता थकतो आणि नेमकी ज्याला जास्त गरज त्याचीच मदत बंद. योजना त्याच्यासाठीच होती ना?

आता काकांची बाजू. ती मी हलक्यात घेणार नाही कारण तिच्यामागे म्हैस उभी आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, आयआरडीपी, २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बैलगाडी असं काहीतरी घेऊन द्यायचं, अल्पभूधारकाला २५ टक्के, मजूर आणि सीमांत शेतकऱ्याला ३३ टक्के, आदिवासीला ५० टक्के अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. हेतू उत्तमच होता. पण अनुदान आधी मिळत होतं आणि गावोगावी तेच झालं, एकच म्हैस चार जणांच्या नावावर फिरली. आज ह्याच्या दारात बांधलेली, उद्या त्याच्या, साहेब यायच्या आदल्या दिवशी शिंगाला तेल लावून तयार. कागदावर म्हैस मेली असं दाखवून विमासुद्धा उचलला गेला. लाभार्थी, डॉक्टर, दलाल, सगळ्यांचा वाटा. त्या अनुभवातूनच पुढे अनुदान मागाहून द्यायची पद्धत आली, आणि १ एप्रिल १९९९ ला आयआरडीपी बंद होऊन बचत गटांवर भर देणारी स्वर्णजयंती योजना आली. म्हणजे मागून येणारं अनुदान हे कुणा खडूस बाबूच्या डोक्यातून निघालेलं नाही, ते लोकांनी आणि यंत्रणेने मिळून केलेल्या चोरीचं उत्तर आहे. स्वतःचा पैसा अडकल्याशिवाय माणूस धंदा मनावर घेत नाही हेही मला मान्य आहे, मी टाइप केलेल्या रिपोर्टांपैकी किती युनिटांना पुढं कुलूप लागलं ते मला माहीत आहे.

आणखी एक मुद्दा काकांनी मांडला नाही पण तो त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून मीच मांडतो. अनुदान आलं की भाव वाढतो. ठिबकच्या दुकानात जाऊन "सबसिडीत घ्यायचं का रोख?" हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा शेतकरी मला दाखवा. सबसिडीचा रेट वेगळा, रोखीचा वेगळा, पाइप तोच. म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेल्या शंभरातले काही रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात आपोआप जातात आणि कुणी चोरी केली असंही म्हणता येत नाही.

मग काकांचंच खरं मानून विषय संपवायचा का? नाही. कारण मागून अनुदान दिल्याने चोरी थांबली नाही, तिने फक्त घर बदललं. आधी म्हैस फिरायची, आता कोटेशन फिरतं. आठ लाखांच्या मशीनचं अकरा लाखांचं कोटेशन काढायचं, स्वतःचा वाटा कागदावरच भरायचा, डीलरने वरचे पैसे परत द्यायचे. हे कोण करू शकतो? ज्याची डीलरशी ओळख आहे, बँकेत ऊठबस आहे, ज्याला कागद कळतो तो. मसालेवाल्या ताईंना हे करता आलं नसतं, त्यांना सुचलंही नसतं. म्हणजे जी चाळण आपण चोर अडवायला लावली तिच्यातून चोर आरामात खाली उतरला आणि अडकला तो प्रामाणिक पण कडका माणूस. म्हशीच्या काळात निदान गरिबाच्या दारात दोन दिवस म्हैस तरी बांधली जायची! (हे चेष्टेत म्हणतोय, कुणी मनाला लावून घेऊ नका.)

आणि ही गोष्ट आजची नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जखतं जाळली, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. इंग्रज सरकार हादरलं. चौकशी झाली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, आणि पुढे १८८३ आणि १८८४ च्या दोन कायद्यांनी तगाईची व्यवस्था पक्की केली, विहिरीला, बांधाला, बियाण्याला, बैलाला सरकारी कर्ज, व्याज सावकारापेक्षा कितीतरी कमी. तरीही शेतकरी सावकाराकडेच जात राहिला. का? अडाणी होता म्हणून? तगाईला अर्ज, मग जमिनीची चौकशी, मग तलाठी, मग मामलेदार, मग तारण, आणि वसुली मात्र ठरल्या दिवशी, पाऊस पडो न पडो. सावकार चोर होता पण तो रात्री दार वाजवलं तरी पैसे द्यायचा. पेरणीचा वाफसा चार दिवसांचा असतो, फाइल चार महिन्यांची. स्वस्त पण उशिरा येणारा पैसा आणि महाग पण वेळेला मिळणारा पैसा, ह्यात गरीब माणूस दुसरा निवडतो आणि त्याचं ते गणित बरोबर असतं. आज सावकाराच्या जागी मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता आलाय, बाकी गोष्ट तीच.

उशिराचं सगळ्यात बोचणारं उदाहरण म्हणजे शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. थाळीचा खर्च शहरात ५० रुपये धरलेला आणि ग्रामीण भागात ३५, ग्राहकाने द्यायचे १०, उरलेले ४० किंवा २५ सरकार केंद्रचालकाला देणार. केंद्रं कुणाची, तर खानावळवाले, छोटे हॉटेलवाले, बचत गट. आता डाळ, तांदूळ, गॅस, भाजीवाला, भांडी घासणाऱ्या मावशी ह्यातलं कुणीही "निधी उपलब्ध झाल्यावर" पैसे घेत नाही. पण सरकारी अनुदान महिनोन्महिने थकलं, केंद्रचालक आंदोलनं करत बसले. दिवसाला शंभर थाळ्यांचं शहरातलं केंद्र धरा, रोजचे ४,००० रुपये, पंचवीस दिवसांचे एक लाख. चार महिने थकले तर चार लाख. म्हणजे एक बचत गट महाराष्ट्र शासनाला चार लाख बिनव्याजी वापरायला देतोय! ह्यात फुकट कोण कुणाचं खातंय, सांगा काका.

गंमत अशी की छोट्या धंद्याचे पैसे थकवू नयेत ही गोष्ट आपल्या कायद्याला चांगली माहीत आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कडक कायदा आहे, चांगला आहे. मग त्याच छोट्या उद्योगाला जे अनुदान मंजूर करून सरकारने लेखी पत्र दिलंय, त्याला तो नियम का नाही? अनुदान हे विक्रीचं बिल नसतं म्हणून ते त्या कायद्यात बसत नाही, हे तांत्रिक उत्तर झालं. पण ज्याने त्या पत्राच्या भरवशावर कर्ज उचललं त्याच्यासाठी फरक काय? लाभार्थ्याचा हप्ता एक दिवस चुकला तर दंड, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर खराब, आणि सरकारचा हप्ता वर्षभर चुकला तर "निधी उपलब्धतेच्या अधीन राहून" ही एक ओळ. जीआरमधली सगळ्यात ताकदवान ओळ ती, आणि ती कायम शेवटच्या पानावर असते.

पोरग्याचंही सगळं बरोबर होतं असं नाही. मोठ्या कंपन्यांना मिळतं म्हणून आम्हाला द्या ह्यात जोर आहे पण विचार नाही. महाराष्ट्रात उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे, केंद्राची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना १४ क्षेत्रांसाठी जवळपास १.९७ लाख कोटींची जाहीर झाली, आणि हे पैसेसुद्धा मागूनच मिळतात, आधी गुंतवणूक करा, माल विका, मग प्रोत्साहन. नियम सगळ्यांना सारखाच आहे की, असं कुणी म्हणू शकेल. पण मोठी कंपनी सरकारचं पात्रता प्रमाणपत्र बँकेला दाखवते आणि मधल्या काळासाठी पैसे उभे करते, तिच्याकडे त्यासाठी वेगळं खातं, वेगळी माणसं असतात. लोणचेवाली बाई मंजुरीपत्र घेऊन बँकेत गेली तर तिला काय मिळतं? "ताई, आधी जमा होऊ द्या, मग बघू." दोघींना एकच नियम लावला म्हणजे समान वागवलं असं होत नाही. आणि शब्द बघा ना, कारखान्याला मिळतं ते प्रोत्साहन, शेतकऱ्याला मिळतं ते अनुदान, बाईला मिळतं ती रेवडी. तिजोरी एकच.

गावाच्या बाबतीत मात्र मला माझ्याच मुद्द्याला थोडी मुरड घालावी लागते. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालं. त्यात अनुदान नव्हतंच, बक्षीस होतं. आधी गाव स्वच्छ करा, मग तपासणी, मग नंबर आला तर पैसे. शंभर टक्के मागून. तरीही गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली, आमच्याकडे तर मास्तरांपासून कीर्तनकारापर्यंत सगळे गटारं काढत होते आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद असलेले भावकीतले लोक एका घमेल्याला हात लावत होते. मग इथं मागून पैसे देणं कसं चाललं? मी ह्यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं की तिथं पहिला रुपया श्रमाचा होता, आणि श्रम सगळ्यांकडे असतात. झाडू मारायला सिबिल लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना त्याच तत्त्वावर होती, हातपाय आण आणि काम माग. हिवरे बाजारसारख्या गावांनी आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान स्वतःवर लावून घेतलं आणि मग सरकारी योजना ओढून आणल्या, त्यातही सुरुवातीचं भांडवल घामाचंच.

पण तीच पद्धत उचलून जिथं रोख लागते तिथं लावली की काय होतं ते स्वच्छ भारतच्या संडासांत दिसलं. प्रोत्साहन १२,००० रुपये, पण आमच्या भागात तरी आधी बांधा, फोटो टाका, मग पैसे. सिमेंट, विटा, गवंडी काही श्रमदानात येत नाहीत. ज्यांच्याकडे होते त्यांनी बांधलं, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यातल्या काहींनी ठेकेदाराला सगळा कारभार दिला, त्याने बारा हजारांत बसेल असं काहीतरी उभं केलं. आज त्यातल्या काही ठिकाणी सरपण ठेवलेलं दिसतं आणि शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, बघा, ह्यांना दिलं तरी वापरत नाहीत.

एजंटांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सगळे एजंटाला शिव्या घालतात, मीही घातल्यात, आणि मीही एका अर्थाने त्याच साखळीत बसलो होतो. पण एजंट विकतो काय? छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, १ जुलै २०२० पासून, तरी लोक तिचे हजार-दोन हजार देतात. कारण एजंट मराठीतून मराठीत भाषांतर करतो. "सदरहू प्रस्ताव उपरोक्त परिच्छेदातील निकषांनुसार परिपूर्ण सादर करणे अभिप्रेत आहे" ह्याचा अर्थ "ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडला नाही, तो आण" असा होतो हे त्याला कळतं. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ मध्ये निघाली तीच मुळी छोट्या उद्योजकाला सगळं एका छताखाली मिळावं म्हणून. छत झालं, पण खाली टेबलं वाढली. म्हणून मला केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतली एक गोष्ट आवडते. २०२० ला आलेली ही योजना ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान देते, ते ठीक आहे, पण तिने जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या, ज्यांना प्रत्येक कर्ज प्रकरणामागे २०,००० रुपये सरकारच देतं, त्यातले काही पैसे कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेले पुढचे परवाने, नोंदण्या झाल्यावर. म्हणजे एजंट राहिला, पण त्याची फी उघड झाली आणि काम पुरं झाल्याशिवाय त्याला पूर्ण पैसे नाहीत. सगळीकडे ते चांगलंच चाललंय असा माझा दावा नाही. पण एजंट नष्ट करू म्हणणाऱ्या भाषणांपेक्षा हे शहाणपणाचं आहे. त्याच योजनेत बचत गटाच्या सदस्याला ४०,००० पर्यंत बीज भांडवल आहे, छोटी हत्यारं आणि खेळतं भांडवल ह्यासाठी. लोणचं घालायच्या आधी कैरी आणायला पैसे! इतकी साधी गोष्ट, पण बाकीच्या योजनांना सुचत नाही.

"आधी दिले तर पळून जातील" ह्याला उत्तर काय, असं काका नक्की विचारतील. उत्तर आहे, आणि ते सरकारनेच करून दाखवलंय. फेरीवाल्यांसाठी जून २०२० ला स्वनिधी आली. तारण नाही, पहिल्यांदा १०,०००, ते फेडले की २०,०००, ते फेडले की ५०,०००, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट थेट खात्यात. पुढे पहिले दोन टप्पे वाढवून १५,००० आणि २५,००० केले. पळून जाणारा १०,००० घेऊन पळेल, त्यासाठी त्याला पुढच्या पन्नास हजारांवर पाणी सोडावं लागेल. इथं विश्वास जिन्यासारखा चढवत नेलाय, आणि ते कर्ज असलं तरी हीच पायरी अनुदानाला लावायला कोण अडवतंय? विश्वकर्मा योजनेत, सप्टेंबर २०२३ ची, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे १८ व्यवसाय, ट्रेनिंगच्या दिवसांना ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० चं व्हाउचर. रोख नाही म्हणून उधळता येत नाही आणि आधी मिळतं म्हणून गहाण टाकावं लागत नाही. म्हशीचा प्रश्न आणि मसालेवाल्या ताईंचा प्रश्न, दोन्ही एकदम सुटू शकतात, ते अवघड नाही.

सहकाराचा इतिहास काकांना जास्त पटेल म्हणून तोही सांगतो. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केला तेव्हा शेतकऱ्यांनी गावोगाव फिरून शेअरचे पैसे गोळा केले, म्हणजे स्वतःचा पैसा अडकवला होताच. पण सरकारचं भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज आलं ते पहिली मोळी पडायच्या आधी. "आधी साखर काढून दाखवा, मग बघू" असं कुणी म्हणालं असतं तर लोणीच्या माळावर आजही कुसळंच असती. पुढे काही कारखान्यांनी त्याच सरकारी पैशाचं आणि थकहमीचं काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तो डाग मी पुसत नाही. पण ते बुडाले ते पैसा आधी मिळाला म्हणून की नंतर वर्षानुवर्षं कुणी हिशोब विचारला नाही म्हणून?

मसालेवाल्या ताईंचं युनिट चालू आहे. तीन वर्षं पुरी झाली, साहेब येऊन फोटो काढून गेले, पण साडेतीन लाख कर्जात वळते व्हायला आणखी किती दिवस लागणार ते बँकेलाही सांगता येईना. दरम्यान गळ्यातलं सोडवलंय, त्याला अडीच वर्षं लागली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी त्यांच्यासोबत जाणार आहे आणि एकच मागणी लिहून देणार आहे की गावातल्या सगळ्या वैयक्तिक लाभाच्या योजनांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लागते ना, तिच्यात रकमेच्या शेजारी दोन रकाने वाढवा, मंजूर कधी आणि जमा कधी. ग्रामसेवक भाऊसाहेब फोनवर म्हणाले की जमाची तारीख आमच्याकडे नसते. मी म्हणालो, मग तो रकाना मोकळा ठेवा, लोकांना बघू द्या.